मावशी आली होती, अनघा

अनघा,

तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. अध्यक्षसाहेबांनी दोनदा माझ्याकडं बघून मान हलवली. तुझ्या सुनेनं माईक हातात घेऊन, "सुजाताताई, तुम्ही बोला ना, आई तुमच्याबद्दल किती बोलायच्या," असं सगळ्यांसमोर म्हटलं. तरी मी गळ्याला हात लावून घसा बसल्याची खूण केली. घसा चांगला ठणठणीत होता. सकाळीच पाण्याच्या टँकरवरून आमच्या वॉचमनशी तासभर भांडून आले होते.

खरं कारण असं, की मला तुझा हेवा वाटत होता. तू समोर फोटोत, हार घातलेली. आणि मी तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तुझा हेवा करत होते. विद्यानगरचं ते सभागृह एवढं भरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आयोगातले आपले सगळे जुने सदस्य, गाडीचा ड्रायव्हर यादगिरी, बालगृहांच्या अधीक्षिका. ज्यांना तू चारचौघांत झापलं होतंस त्यासुद्धा नाक पुसत बसल्या होत्या. आणि मुली. एक उंच मुलगी उभी राहिली आणि तेलुगूत म्हणाली, "मॅडमना तेलुगू येत नव्हतं, पण माझं सगळं त्यांना कळायचं." हॉलमध्ये हुंदके सुरू झाले. मी मनात म्हणाले, मला येतं तेलुगू. उत्तम येतं. मला कुठं कुणी काही सांगितलं?

मेलेल्या माणसाचा हेवा करणारी बाई कशी असते ते त्या दिवशी मी आतून बघितलं. ते कुणाला सांगण्यासारखं नाही. तुलाच सांगते.

आपली नेमणूक एकाच कागदानं झाली. राज्याचा बालहक्क आयोग, सदस्य, मुदत तीन वर्षं. यादीत तुझं नाव चौथं, माझं पाचवं. तेही मी बघितलं होतं. पहिल्या दिवशी लिफ्टपाशी तू मला गाठलंस. "अगं, तू सुजाता ना? बरं झालं बाई, इथं मराठी बोलायला कुणीतरी मिळालं."

मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. सरकारी शाळेत मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बारा वर्षं काढलेली. मला 'तू' म्हणणारी माणसं हैदराबादेत चार-पाचच उरली होती आणि ती सगळी माहेरची. माझी आई देगलूरकडची. ती बरकतपुऱ्यातल्या बंगल्यांत धुणीभांडी करायची, तेव्हा त्या घरातल्या शाळकरी पोरीसुद्धा तिला 'तू' म्हणायच्या. त्यामुळं तुझं ते पुण्याचं 'अगं तू' माझ्या कानाला टोचलं. मी मुद्दाम 'अहो अनघाताई, तुम्ही' असं उत्तर दिलं आणि ते 'तुम्ही' शेवटपर्यंत सोडलं नाही. पुढं दिवाळीच्या फराळाला तुझ्या घरी आले, तेव्हा तुझ्या सोसायटीतल्या मराठी बायकांशी तू कशी बोलतेस यावर मी कान ठेवून होते. सगळ्यांनाच 'अगं तू' चाललं होतं. डॉक्टरीणबाईंनाही. तरी मला पटवून घ्यायचं नव्हतं. आज 'तू' लिहितेय. समोर असतीस तर जीभ वळली नसती.

तपासणीला आपण दोघी एकाच गाडीनं जायचो. मी सरकारी हॉस्टेलात वाढलेली, सहावी ते बारावी. बालगृहात शिरलं की माझे पाय आधी संडासांकडं वळायचे. दाराला आतून कडी नसली की काय होतं ते मला माहीत होतं. एक मुलगी आत जाते, दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. आणि जिला मैत्रीण नसते ती दिवसभर पाणीच पीत नाही. मग मी कोठीघर बघायचे, डाळीच्या पातेल्यात तळापर्यंत पळी घालायचे, हजेरीपट ताडून बघायचे. एकाच पेनानं, एकाच दिवशी महिन्याची हजेरी भरलेली मला लांबून कळायची. माझ्या अहवालांमुळं किती दारांना कड्या लागल्या!

आणि तू काय करायचीस? गुडघे कटकट वाजवत मुलींच्यात खाली बसायचीस. तुझा चष्मा कुठंतरी राहिलेला असायचा. कुणीतरी तुला तो आणून द्यायची, कुणी तुझ्या पदराशी खेळायची, आणि तासाभरात त्या घराची सगळी खरी कहाणी तुझ्याकडं आलेली असायची. कोण मारतं, कोण उपाशी ठेवतं, कोणाला कोण भेटायला येत नाही. गाडीत बसलं की म्हणायचीस, "सुजाता, तू लिही ना. तुझं इंग्रजी सरळ आहे." मी लिहायचे. तू न वाचता सही करायचीस. पेपरात फोटो यायचा तो तुझा, मांडीवर कुणाचं तरी पोर घेतलेला.

एकदा अध्यक्षांसमोर तू म्हणालीस, "त्या कड्यांचं सुजातानं पाहिलं. मी दहा वेळा तिथं गेले असेन, मला दिसलं नाही." मला त्याचाही राग आला. माझं कौतुक करण्याचा मोठेपणाही तुझ्याकडंच गेला होता.

आणि तूच मला मराठी वाचायला लावलंस, हे विसरत नाही. माझी शाळा तेलुगूतली. मराठी घरात बोलायचं, बाहेर दख्खनी उर्दू, आणि वाचायची वेळ आली की बोट ठेवून अक्षर अक्षर. तू जुने दिवाळी अंक कापडी पिशवीत घालून आणायचीस आणि दुसऱ्या आठवड्यात विचारायचीस, "ती गोष्ट वाचलीस का गं?" पंचावन्नाव्या वर्षी मी तुझ्यामुळं माझ्या आईची भाषा वाचायला लागले. या पत्रात ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर तुझंही थोडं चुकलंय असं समज.

आता शीतलचं. हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

शीतल इमलीबनच्या बसस्टँडवर सापडली, अफझलगंजच्या बाजूच्या फाटकापाशी. वय अकरा, अंगावर चुरगळलेला शाळेचा गणवेश. पोलिसांनी तेलुगूत विचारलं, हिंदीत विचारलं, ती तोंड उघडेना. बालगृहात ठेवली. तिथल्या स्वयंपाकिणीनं भात वाढताना तिच्या तोंडून एकदा 'नको' ऐकलं. आपल्या हैदराबादेत सगळेच 'नक्को' म्हणतात, पण हिचं 'नको' वेगळं होतं, हे त्या बाईच्या लक्षात आलं. म्हणून आपल्याला बोलावलं.

आधी मी गेले. सलग तीन दिवस गेले. वाटलं होतं, ही तर माझीच. माझ्या आईच्या बोलीत विचारलं, "कुठली गं लेकरा तू? कोनाची हायस?" ती माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघत राहिली. बिस्किटं नेली, ती तशीच उशाशी पडून राहिली. आता कळतंय, मी तिन्ही दिवस खुर्चीवर बसले होते. बोली घरची होती आणि आवाज मुख्याध्यापिकेचा.

चौथ्या दिवशी तू आलीस. मुलीला काही विचारलं नाहीस. स्वयंपाकिणीकडनं वालाच्या शेंगांची टोपली मागून घेतलीस आणि तिच्यापासून चार हातांवर शेंगा सोलत बसलीस. अर्धा तास, पाऊण तास. मी खिडकीतून बघत होते. मनात म्हणत होते, बसा बाई, बसा. मग ती सरकत सरकत आली आणि सोलायला लागली. कितीतरी वेळानं एक शेंग तुझ्यापुढं धरून म्हणाली, "ह्यात अळी हाय."

"बघू," तू म्हणालीस. "अगंबाई, खरंच की. माझ्या डोळ्यांना दिसलीच नसती."

झालं. त्या अळीनंतर तिचं नाव आलं, देगलूरकडचं गाव आलं. आई गेल्याचं आलं. वडिलांनी दुसरी बायको केल्याचं आलं. हैदराबादला मावशी आहे, ती पोरांच्या मेसमध्ये स्वयंपाक करते, तिच्याकडं यायला ती एकटी बसमध्ये चढली होती, हे आलं. आणि खिडकीबाहेरून ते ऐकता ऐकता मी यादगिरीला गाडी काढायला सांगायच्या निमित्तानं तिथून निघून गेले. माझ्या गावाकडची पोर, माझ्या आईच्या तोंडची भाषा, आणि अळी दाखवली ती पुण्याच्या बाईला.

परतताना नल्लकुंट्याच्या सिग्नलपाशी आपलं वाजलं.

"मावशी शोधू या," तू म्हणालीस. "विद्यानगरला कुठंतरी मेसमध्ये आहे म्हणे. सापडेल."

"आणि सापडल्यावर?"

"तिच्याकडं देऊ या. सरकारी मदत मिळवून देता येईल, जवळ शाळा आहे."

"एका खोलीत राहत असणार ती. तिचा नवरा कसा आहे माहीत नाही. अकरा वर्षांची मुलगी आहे, अनघाताई. मुलींच्या निवासी शाळेत जागा आहे, मी बोलून ठेवलंय. निदान शिकेल तरी."

"हॉस्टेल म्हणजे घर नव्हे, सुजाता."

"हॉस्टेलनं मला माणूस केलं."

"हॉस्टेलनं तुला शिकवलं. माणूस तुझ्या आईनं केलं, दर रविवारी डबा घेऊन येऊन. तूच सांगितलंयस मला."

यादगिरीनं आरशातून एकदा बघितलं आणि रेडिओ बंद केला. माझ्या आईची गोष्ट मी तुला एका तपासणीच्या प्रवासात, मन हलकं करायला सांगितली होती. तू ती जपून ठेवलीस आणि माझ्याच विरुद्ध काढलीस. बरोबर होती, म्हणून जास्त लागली.

मुलीला कुठं ठेवायचं ते बालकल्याण समिती ठरवणार होती, पण समितीनं आपलं मत मागवलं होतं. टिपण गुरुवारी द्यायचं होतं. निवासी शाळेचे प्रवेश त्याच आठवड्यात बंद होत होते. तू कामाला वरंगलला गेलीस. जाताना म्हणालीस, "बुधवारपर्यंत मावशी सापडली तर टिपणात घाल. नाही सापडली तर तुझ्या मनासारखं लिही, मी सही करते."

मंगळवारी दुपारी मावशी आली.

तू तिला नंतर भेटलीस, पण त्या दिवशी ती कशी दिसत होती ते तुला माहीत नाही. मेसच्या पोरांनी फोनवर शोधासाठी फिरवलेला शीतलचा फोटो दाखवल्यावर ती तशीच निघाली होती. हाताला कणीक वाळलेली. प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स आणि बहिणीचा फोटो, बहिणीच्या कडेवर दोन वर्षांची शीतल.

"बाई, लेकरू माझ्या बहिनीचं हाय," ती दारातूनच म्हणाली. "माझ्याकडंच यायला निघाल्तं. मला द्या."

मी 'बसा' म्हटलं नाही. विचारलं, "खोल्या किती?"

"एकच हाय. पन मोठी हाय."

"मालक काय करतात?"

"सेंटरिंगचं काम. पितेत कधीमधी. पन हात उचलत नाहीत, शप्पत."

मला पाहिजे होतं ते मिळालं. एक खोली, पिणारा नवरा. मी तिचा जबाब लिहून घ्यायला हवा होता. कोरा कागद समोर होता, पेन हातात होतं, दहा मिनिटांचं काम. मी म्हणाले, "ती केस अनघा मॅडमकडं आहे. पुढच्या सोमवारी या."

"लेकराला बघू तरी द्या."

"सोमवारी," मी म्हणाले.

ती गेली आणि मी टिपण लिहायला घेतलं. अकरा पानं लिहिली. चांगली लिहिली. आठव्या पानावर मी एक वाक्य लिहिलं, 'आजपर्यंत कोणीही नातेवाईक पुढे आलेले नाहीत.'

हे मी मुलीच्या भल्यासाठी केलं, असं स्वतःला किती वर्षं सांगत आले. एक खोली, पिणारा नवरा, हॉस्टेलनं मला माणूस केलं. सगळं खरं आहे आणि कशालाच काही अर्थ नाही. एका आठवड्यात तू दोनदा बरोबर ठरणार होतीस, ते मला सोसवलं नाही. एवढंच होतं ते.

गुरुवारी सकाळी लिफ्टच्या दारात तू भिंतीला कागद टेकवून सही केलीस. "मावशी नाही ना सापडली?" असं विचारलंस. मी म्हणाले, "नाही." शनिवारी शीतल शहराबाहेरच्या निवासी शाळेत गेली. सोमवारी मी मुद्दाम दुसऱ्या जिल्ह्यातली तपासणी लावून घेतली.

मंगळवारी आल्यावर मी वाट बघत होते. आता तू येशील, दार लावशील, ओरडशील. उत्तरंही तयार ठेवली होती. तू आलीस आणि म्हणालीस, "चहा घेतेस?" आपण चहा घेतला. तू वरंगलच्या उन्हाबद्दल बोललीस. मला वाटलं, मावशी परत आलीच नाही. वाटलं, बघ, एकदा सांगितलं तर परत आली नाही, हिचं कसलं प्रेम. पाच वर्षं हेच धरून बसले होते.

आयोगातली आपली मुदत संपली. नंतर नवे सदस्य आले. आपण फोनवर बोलायचो, कधी तुझ्या घरी, कधी माझ्या. शीतलचं नाव आपल्या दोघींच्या तोंडी कधी आलं नाही. माझ्या मनात होतं, एकदा सांगून टाकू. पुढच्या भेटीत. तुझ्या नातवाच्या वाढदिवसानंतर. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर. आणि मग मेंदूत रक्तस्राव, तीन दिवस आयसीयू, काचेपलीकडं नळ्या लावलेली तू. बाहेर बाकावर तुझी सून माझा हात धरून बसलेली. काचेतून काय सांगणार होते?

शोकसभा संपली. मी चपला शोधत होते, तेव्हा एक बाई जवळ येऊन उभी राहिली.

"मॅडम, वळखलं का?"

लगेच ओळखलं. पन्नाशीची झाली होती, केस पांढरे, पण हात तेच.

"मी शीतलची मावशी. चंद्रकला. आल्ते की तुमच्याकडं."

"हो," मी म्हणाले. आता घसा खरोखर बसला होता.

"सोमवारी आले तर तुम्ही नव्हता. अनघा मॅडम होत्या. त्यांनी माझं सगळं लिहून घेतलं, माझा अंगठा घेतला. मग लई वेळ तसंच बसल्या. आन् कागद फाडला."

"फाडला?"

"हौ. म्हनल्या, आता हे वर पाठवलं तर शीतलचं वरीस जातंय. आन् सुजाता मॅडमची खुर्ची जाती. म्हनल्या, तिच्यासारखं बघणारं दुसरं कुनी न्हाई हितं. मग म्हनल्या, महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी शाळेत भेटायला सोडतेत, मी तुम्हाला माझ्या गाडीतनं नेते. पाच वर्सं, मॅडम. एक रविवार चुकला नाही. आता ह्या रविवारी..."

अनघा, मी त्या पायऱ्यांवर उभी राहून तुझ्यावर एवढी चिडले, की तेवढी तू जिवंत असताना कधी चिडले नव्हते. कुणी सांगितलं होतं तुला मला वाचवायला? पाच वर्षं तुझ्या हातचा चहा पिताना तुला सगळं माहीत होतं! मी मनातल्या मनात कबुलीची तयारी करत राहिले आणि तू मला माफ करून मोकळी झालेली, तेही मला न विचारता. मोठं होण्याचा सगळा वाटा तूच घेतलास, मला एक भांडणही दिलं नाहीस. आणि डबा घेऊन रविवारी भेटायला जाण्याची कल्पना माझ्या आईची होती!

घरी जाऊन शांत झाल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. ती खोटी ओळ माझी होती, पण खाली सही तुझीही होती. न वाचता केलेली. तो कागद फाडलास तेव्हा तू नुसतं मला वाचवलं नाहीस. हे लिहिताना मला थोडं बरं वाटतंय, ते तुला कळतच असेल.

रविवारी मी चंद्रकलाबाईबरोबर गेले. माझ्याकडं गाडी नाही, आम्ही बसनं गेलो. तिनं भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. शाळेच्या आवारात लिंबाखाली सतरंज्या घातलेल्या होत्या, घरोघरची माणसं डबे उघडून बसली होती.

शीतल आली. अनघा, ती माझ्यापेक्षा उंच झालीय. इंटरला आहे, म्हणजे अकरावीला, डोळ्याला चष्मा, मराठीत मधे मधे तेलुगू. तू गेल्याचं तिला फोनवर कळलं होतं. मावशीला बघताच ती तिच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. लहान मुलीसारखी, आवाज करून. शेजारच्या सतरंजीवरची माणसं बघायला लागली. मी तिथं बसले होते आणि माझ्या मनात काय आलं सांगू? माझ्यासाठी असं कोण रडेल, हे आलं. लाज वाटली, पण आलं.

तिचं रडणं थांबल्यावर मी म्हणाले, "शीतल, मी कोण ते माहीत आहे ना? त्या वेळी तुझी मावशी आली होती. मी तिला परत पाठवलं. तुला इथं पाठवायचं माझ्यामुळं ठरलं."

"माहितीये," ती म्हणाली. "मावशीनं पहिल्याच रविवारी सांगितलं." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "अनघा मॅडम तर दर टायमाला सॉरी म्हणायच्या. तुला मावशीकडं ठेवायला पाहिजे होतं गं, माझं चुकलं. दर टायमाला. मला कसंतरीच व्हायचं. मी म्हणायची, अय्यो, असू द्या मॅडम."

मी काय विचारलं ऐक. तुझं तेरावं होऊन चारच दिवस झाले होते, आणि मी त्या पोरीला विचारलं, "मग कोण बरोबर होतं? त्या का मी?"

ती हसली. पहिल्यांदाच हसली. "तुम्ही दोघी पण सेमच. मला कुणी विचारलंच नाही."

"त्यांनी तर विचारलं होतं की. तू त्यांनाच सगळं सांगितलंस."

"काय झालं ते सांगितलं. मला काय पाहिजे ते नाही विचारलं कुणी."

"काय पाहिजे होतं?"

तिनं मावशीकडं बघितलं. मावशी डब्याचं झाकण पुसत होती, उगीचच.

"मला चार दिवस मावशीजवळ झोपायचं होतं," शीतल म्हणाली. "आई गेल्यावर मी कुणाजवळ झोपलेच नव्हते. चार दिवस झोपू दिलं असतं, मग कुठं पण पाठवायचं होतं. हॉस्टेलला पण आले असते."

"आता सुट्टीत जातेस ना तिच्याकडं?"

"जाते की. पण आता मी मोठी झाले ना मॅडम."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही. कालच्या गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगितलं आणि चटणी मागितली. आणि मला, अनघा, आनंद झाला. खोटं कशाला सांगू? तुलाही कळलं नव्हतं, म्हणून झाला. दीड तास शेंगा सोलल्यास, साठ रविवार गेलीस, साठ वेळा माफी मागितलीस, तरी तुलाही कळलं नव्हतं. आता हे जाऊन हिला सांगते, असा माझा पहिला विचार होता. तुझा चेहरा कसा होईल, तू कपाळावर हात मारून 'अगंबाई' कशी म्हणशील, मग आपण दोघी एकमेकींना कसं दोषी ठरवू, सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. हॉस्टेल का घर, हॉस्टेल का घर म्हणून आपण गाडीत भांडलो, मी अकरा पानं लिहिली, तू सही केलीस. आणि पोरीला फक्त चार रात्री पाहिजे होत्या. तो आनंद मी सतरंजीवरून उठेपर्यंत टिकला. उठताना कळलं की हे आता कुणालाच सांगता येणार नाही. दुसऱ्या कुणाला ते समजणारच नाही.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. शीतल फाटकापर्यंत सोडायला आली. मावशीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि पुढं चालायला लागली. मी थांबले. आयुष्यभर मुलांना काय करायचं ते सांगत आलेली मी बाई, मला ते शब्द जुळवायला वेळ लागला.

"पुढच्या महिन्यात मी येऊ का? तुला नको असेल तर नको म्हण."

तिनं खरोखर विचार केला. चष्मा वर सरकवला.

"या," ती म्हणाली. "पण सॉरी नाही म्हणायचं."

मी मान हलवली. रस्त्यावर येऊन आम्ही बस पकडली, खिडकीची जागा मिळाली. शहर जवळ यायला लागलं, तेव्हा मी तो शब्द एकदा म्हणून घेतला. तुला म्हणाले, अनघा.

"काय म्हनलात, मॅडम?" चंद्रकलाबाईनं विचारलं.

"तुम्हाला नाही," मी म्हणाले.